जिभेची साक्ष

घाना, बेनिन, नायजेरिया या पश्चिम आफ्रिकी देशांच्या सखल व दमट पट्ट्यात एक सदाहरित झुडूप रानात आपोआप वाढते. त्याची वाढ अतिशय संथ. फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात आणि दोन-चार मीटरांच्या वर ते सहसा जात नाही. फळ लालभडक, लांबट, करवंदाहून किंचित मोठे. आत एकच बी आणि तिच्याभोवती पातळसा गर. योरुबा भाषेत त्याला 'आगबायून' म्हणतात. वनस्पतिशास्त्राने त्याला सिन्सेपालम डल्सिफिकम असे नाव दिले असून, आपला मोह, चिकू आणि बकुळ ज्या सॅपोटेसी कुळात मोडतात त्याच कुळात ते घातले आहे. मोहाशी असलेले हे नाते पुढे उपयोगी पडणार आहे.

या फळाचा गर स्वतः फारसा गोड नाही. परंतु तो जिभेवर नीट घोळवला आणि मग लिंबाची फोड चोखली तर ती मुरांब्यातल्या फोडीसारखी गोड लागते. हा परिणाम अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ टिकतो. आंबवलेल्या मक्याची भाकरी, आंबट झालेली ताडी असे रोजचे अन्नपाणी गोड करून घेण्यासाठी तिकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हे फळ खात आली आहेत. युरोपियनांनी त्याला 'चमत्कारी फळ' असे नाव दिले. ज्यांच्या परसात ते झुडूप उभे होते त्यांना त्यात चमत्कार वाटण्याचे काही कारण नव्हते.

एका रानटी झुडपासाठी या पानावरील जागा खर्ची घालण्याचे कारण असे की, आजच्या जगातील ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न त्याच्या तीनशे वर्षांच्या नोंदलेल्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय करारांच्या मसुद्यांतही दिसत नाही. कोणाचा अनुभव पुरावा म्हणून ग्राह्य धरायचा आणि कोणाचा केवळ लोकवार्ता म्हणून बाजूला सारायचा, असा तो प्रश्न आहे. तो आफ्रिकेपुरता नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला शेवटी वेगळे सांगावे लागणार नाही.

या फळाची युरोपातील पहिली नोंद कोणी केली हे पाहण्यासारखे आहे. शेव्हालिए दे मार्शे नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७२५ साली विदा बंदरात, म्हणजे आजच्या बेनिनच्या किनाऱ्यावर उतरला होता. तेथील लोक जेवणापूर्वी एक लहानसे फळ चघळतात आणि मग त्यांना आंबट पदार्थ गोड लागतात, असे त्याने टिपून ठेवले. १७३० मध्ये त्याच्या प्रवासाचा वृत्तान्त पॅरिसमध्ये छापला गेला. विदा हे त्या काळी गुलामांच्या व्यापाराचे एक प्रमुख बंदर होते आणि दे मार्शे तेथे गेला तो याच व्यापाराच्या निमित्ताने. त्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबलेली माणसे कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये नेली जात. तेथे त्यांना मुख्यतः जे काम करावे लागे ते उसाचे: ऊस लावणे, तोडणे, चरकात घालणे आणि रस आटवणे. युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर या माणसांच्या हाडांतून निघत होती. गोडव्याचे एक सौम्य रहस्य ज्या समाजाला ठाऊक होते, त्याच समाजाची माणसे गोडव्याच्या जागतिक बाजारासाठी साखळदंडात जखडून नेली गेली आणि ते रहस्य टिपून घेणारा त्याच व्यापारातला होता. इतिहासात असे योग फार येतात. त्यांना केवळ योग म्हणणे मात्र भोळेपणाचे ठरेल.

पुढे १८५२ मध्ये डॅनियल नावाच्या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने लंडनच्या एका औषधविषयक नियतकालिकात या फळाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर एक शतकभर ते वनस्पतीउद्यानांतील कुतूहलाचा विषय होऊन राहिले. १९६८ साली अमेरिकेतील कुरिहारा व बाइड्लर या संशोधकांनी, आणि त्याच सुमारास हॉलंडमधील एका गटाने, फळातील कारक द्रव्य वेगळे केले. ते एक प्रथिन निघाले. त्याला 'मिराक्युलिन' हे नाव मिळाले. हे प्रथिन जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या संवेदकाला चिकटून बसते. एरवी ते गप्प असते, परंतु तोंडात आम्ल येताच संवेदक जागा होतो आणि मेंदूला 'गोड' अशी वर्दी जाते. ही यंत्रणा जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उलगडून दाखवली. हे सारे काम अस्सल आहे, त्यामागे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. विज्ञानाला साम्राज्यशाहीचे बाहुले म्हणून मोकळे होण्याची जी सवय आपल्या काही मित्रांना जडली आहे ती समाजवादी विचाराला शोभणारी नव्हे.

आता या कथेतील सर्वांत गाजलेला भाग. सत्तरच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट हार्वे या अमेरिकन संशोधक-उद्योजकाने भागीदारासह 'मिरॅलिन' नावाची कंपनी काढली. मोठमोठ्या वित्तसंस्थांनी तिच्यात लक्षावधी डॉलर घातले. मधुमेही आणि स्थूल माणसांना साखरेवाचून गोडवा द्यायचा, ही कल्पना होती. १९७४ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये शाळकरी मुलांना साखरेच्या कांड्या आणि या फळाचा लेप दिलेल्या बिनसाखरेच्या कांड्या चाखायला दिल्या, तेव्हा मुलांनी दुसऱ्या पसंत केल्या. माल बाजारात यायच्या बेतात असताना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कळवले की हे फळ 'अन्न' नसून 'अन्नात मिसळायचे द्रव्य' आहे आणि म्हणून त्याच्या सुरक्षिततेच्या संपूर्ण चाचण्या आधी करून दाखवाव्या लागतील. त्या चाचण्यांना आणखी कित्येक वर्षे आणि अमाप पैसा लागला असता. कंपनी बुडाली.

या प्रकरणाभोवती बरीच रहस्यकथा रचली गेली आहे. निकालाच्या आधी कंपनीच्या कचेरीत झालेली घरफोडी, अस्ताव्यस्त पडलेली कागदपत्रे, मालकाच्या मोटारीचा पाठलाग हे सारे हार्वे यांनी पुढे अनेकदा सांगितले. साखर-उद्योगाच्या दबावामुळेच फळावर बंदी आली, असा संशय त्यांना शेवटपर्यंत राहिला. संशयाला जागा होती. पुरावा पुढे आला नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्याला त्या कटाची गरजही नाही. कटाची कथा मान्य केली की अन्याय चार दुष्ट माणसांच्या माथी मारता येतो आणि कायद्याचे पुस्तक निर्दोष सुटते. वस्तुतः अन्याय त्या पुस्तकातच लिहून ठेवला होता.

तो पाहण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. अन्नाच्या बाबतीत सरकारने कडक असावे ही मागणी आमचीच आहे. १९६९ मध्ये त्याच प्रशासनाने कर्करोगाच्या संशयावरून सायक्लामेट या कृत्रिम गोडीच्या पदार्थावर बंदी घातली होती, तेव्हा नफेखोर कंपन्यांखेरीज कोणी अश्रू ढाळले नाहीत. चाचणी मागण्यात काहीच गैर नाही. प्रश्न एवढाच की, शेकडो वर्षे लाखो माणसांनी, त्यांच्या लेकराबाळांनी, गरोदर स्त्रियांनी एखादे फळ खाल्ले असेल, तर त्या चाचणीच्या टेबलावर त्या अनुभवाला काही स्थान आहे की नाही?

अमेरिकेच्या कायद्यात तशी तरतूद होती. १९५८ च्या दुरुस्तीने असे ठरवले होते की, जो पदार्थ १ जानेवारी १९५८ पूर्वीपासून सर्रास खाण्यात आहे आणि त्या अनुभवावरून सुरक्षित मानला जातो, त्याला 'मिसळायचे द्रव्य' म्हणून वेगळी परवानगी लागणार नाही. मीठ, मिरी, व्हिनेगर यांच्यासाठी कोणाला उंदरांवर प्रयोग करावे लागले नाहीत ते यामुळेच. तथापि सत्तरच्या दशकात प्रशासनाने या तरतुदीचा नियमाने जो अर्थ लावला तो असा: 'सर्रास खाणे' म्हणजे अमेरिकेत सर्रास खाणे. घानातील, बेनिनमधील, नायजेरियातील माणसांचे खाणे या हिशेबात खाणेच नव्हते. मिरॅलिनच्या निकालामागची इतर सारी कारणे बाजूला ठेवली तरी हा नियम आपल्या जागी उभा राहतो, आणि त्याचा सरळ अर्थ असा होतो की, अमेरिकन जिभेवर पडलेला घास हा पुरावा आणि आफ्रिकन जिभेवर पडलेला घास ही अफवा.

या नियमाला तडा गेला तोही आफ्रिकेमुळे नव्हे. चिनी परंपरेतील जिनसेंग व मधमाश्यांच्या राजान्नाचे एक पेय अमेरिकेत आयात करणाऱ्या कंपनीने न्यायालयात दाद मागितली. १९८३ मध्ये 'एफमाली हर्ब विरुद्ध हेक्लर' या खटल्यात अपील न्यायालयाने निकाल दिला की, परदेशातील वापर केवळ परदेशातील म्हणून नाकारता येणार नाही. त्याला अनुसरून १९८८ मध्ये नियम बदलला गेला. मात्र बदलतानाही एक अट घालण्यात आली: परदेशातील वापर छापील वा अन्य कागदोपत्री माहितीने सिद्ध व्हावा आणि दुसऱ्या स्वतंत्र स्रोताने त्याला दुजोरा मिळावा. ज्या समाजांचे ज्ञान कागदावर नाही, आईकडून मुलीकडे आणि शेतावरून घरी येताना चालत आले, त्यांनी आता कागद शोधावेत, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

बरे, मिरॅलिन कंपनीचे दुःख हे आपले दुःख आहे काय? तेही नाही. या कंपनीने बागा कोठे लावल्या ते पाहावे. जमैका आणि प्वेर्तो रिको या बेटांवर. ज्या बेटांवर उसासाठी आफ्रिकन माणसे नेली होती, तेथेच आता साखरेला पर्याय म्हणून आफ्रिकन झुडूप नेले गेले. घानाच्या शेतकऱ्याला त्या उद्योगात ना जमीन होती, ना मजुरी, ना भाग. कंपनी विरुद्ध प्रशासन हा झगडा एका घरातील दोन भावांचा होता. ज्याच्या रानातून झुडूप आले तो त्या घराच्या ओसरीवरही नव्हता.

इथवरची गोष्ट अर्धीच. पश्चिम आफ्रिकेतील अनुभव 'सुरक्षिततेचा पुरावा' म्हणून नाकारला गेला, हे समजून घेतले. आता त्याच कायदेव्यवस्थेचा दुसरा दरवाजा ठोठावून पाहू.

पश्चिमेकडून थोडे आग्नेयेस, गॅबॉन आणि कॅमेरूनच्या अरण्यात आणखी एक झुडूप आहे: पेंटाडिप्लँड्रा ब्राझियाना. कधी ते झुडूप म्हणून वाढते, कधी वेलीसारखे उंच झाडांवर चढते. त्याच्या नावातला 'ब्राझा' हा ज्याच्या नावाने ब्राझाव्हिल शहर वसले त्या वसाहतकाराच्या घराण्याचा. लाल बोरांसारख्या त्याच्या फळांना फ्रेंच बोलणारे लोक 'उब्ली' म्हणतात. उब्ली म्हणजे विसर. हे फळ चाखलेले तान्हे मूल आईच्या दुधाला विसरते, अशी त्यामागची समजूत. माणसे ते खातात आणि वानरही खातात. गोरिला मात्र त्याच्या वाटेला जात नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार गोरिलाच्या जिभेवरील गोड चवीच्या संवेदकात असे बदल झालेले आहेत की त्याला बहुधा या फळाचा गोडवा जाणवतच नाही. झुडूप साखर खर्च न करता गोडीचे आमिष दाखवते आणि गोरिला त्या फसव्या गोडीला भुलत नाही, असा तर्क संशोधकांनी मांडला आहे. बाजारपेठेच्या युगात हा गुण हेवा करण्याजोगा आहे.

१९९४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी या फळातून 'ब्राझीन' नावाचे प्रथिन वेगळे केले. त्याची गोडी साखरेच्या ५०० ते २,००० पट असून ८० अंश सेल्सिअसला चार तास तापवले तरी ती जात नाही. सरबत, बिस्किटे, मिठाई अशा कारखानदारी खाद्यांना याहून सोयीचे द्रव्य मिळणे कठीण. त्याच वर्षापासून या प्रथिनावर अमेरिकन पेटंटे मंजूर होऊ लागली. आता कोणी विचारील, हे फळ गोड आहे ही गोष्ट गॅबॉनमधील प्रत्येक पोराला ठाऊक होती, मग शोध कोणी लावला? त्यावर अमेरिकन पेटंट कायद्यात तयार उत्तर होते. एखादी गोष्ट आधीच ठाऊक वा वापरात असेल तर तिच्यावर पेटंट मिळू नये, हे तत्त्व त्या कायद्याला मान्य होतेच. पण ठाऊक असणे व वापरात असणे ते अमेरिकेत. परदेशातील माहिती मोजायची तर ती छापलेली वा पेटंट घेतलेली असली पाहिजे. नुसती वापरात असलेली, तोंडी चालत आलेली माहिती गणतीत नाही. हा भेद २०११ साली मंजूर झालेल्या आणि १६ मार्च २०१३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने काढून टाकला. तोवर ब्राझीनच्या पेटंटांची अर्धी-अधिक मुदत उलटून गेली होती. आज ती पेटंटे कालबाह्य झाली आहेत आणि त्यांच्याविषयी भांडण्यात अर्थ उरलेला नाही.

निष्पक्षपाताने हेही म्हटले पाहिजे की, प्रथिन शुद्ध करणे, त्याच्यातील ५४ अमिनो आम्लांचा क्रम लावणे हे काम गॅबॉनच्या खेड्यात झाले नव्हते आणि पेटंटामुळे तेथील मुलांना फळ खाण्याची बंदीही झाली नाही. कायदेपंडित हे दोन्ही मुद्दे पुढे करतात व ते खरे आहेत. परंतु अरण्यातील हजारो वनस्पतींमधून नेमके हेच फळ प्रयोगशाळेच्या टेबलावर कसे पोचले? ज्यांनी चाखून, पारखून, विषारी आणि खाद्य यांत भेद करून ठेवला त्यांच्या श्रमाची गणना कोणत्या रकान्यात करायची? रकाना नाही म्हणून श्रमही झाले नाहीत, असा हा हिशेब आहे. घरातील स्त्रीच्या कामाला मजुरी नाही म्हणून ते काम नव्हे असे म्हणणारा हिशेब आपण ओळखतो. हा त्याचाच भाऊ.

दोन्ही दरवाजे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आफ्रिकी माणसाच्या अनुभवामुळे त्याच्या फळाला बाजारात प्रवेश मिळाला असता तेथे तो अनुभव परदेशातला म्हणून अग्राह्य. त्याच अनुभवामुळे दुसऱ्याच्या मक्तेदारीला अडसर झाला असता तेथेही तो परदेशातला आणि तोंडी म्हणून अग्राह्य. दोन वेगवेगळी खाती, दोन वेगवेगळे कायदे, आणि दोघांनाही एकाच ठिकाणी ऐकू येत नव्हते.

आपल्याकडे हळदीच्या प्रकरणाचा विजयोत्सव अजून अधूनमधून होतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकन पेटंट मिळाले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. ही कामगिरी मोठीच होती. पण ती कशाच्या बळावर झाली? संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेख यांसारखे कागद समोर ठेवता आले म्हणून. जखमेवर हळद दाबणारी तुमची-आमची आजी तेथे साक्षीदार म्हणून उभी राहू शकली नसती. भारताच्या पदरी ग्रंथ होते, भारत सुटला. फॉन, योरुबा, फांग या समाजांच्या पदरी तसे ग्रंथ नव्हते. आणि आपल्याकडचे माडिया, कोरकू, वारली, कातकरी यांच्या पदरी तरी कोठे आहेत? डॉ. लोहिया भाषेच्या प्रश्नाकडे सत्तेचा प्रश्न म्हणून पाहत असत. लिपीचा आणि छापखान्याचा प्रश्नही तोच आहे.

येथे मोहाकडे वळले पाहिजे. आगबायूनचा हा भारतीय भाऊबंद सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या रानांत, गडचिरोलीच्या जंगलात उभा आहे. त्याची फुले आदिवासी वाळवून ठेवतात, शिजवून खातात, धान्य सरल्यावर त्यांवर दिवस काढतात. त्यांची दारूही गाळतात. ब्रिटिश सरकारला यातले फक्त शेवटचे दिसले, कारण महसूल तेवढ्यातच होता. १८९२ च्या मुंबई मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. आदिवासींचे अन्न सरकारी दप्तरात कच्चा माल ठरले. इंग्रज गेले, दारूबंदीचे कायदे आले, आणि मोहफुलांवरील निर्बंध नव्या नैतिक वेषात चालू राहिले. महाराष्ट्र सरकारने आदिवासींवरील संकलनाचे व वाहतुकीचे निर्बंध उठवायला २०२१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ही फुले खाणाऱ्या माणसाला 'हे आमचे अन्न आहे' असे सरकारदरबारी सांगून पटवता आले नाही. त्याची जीभ येथेही साक्षीला चालली नाही, आणि हे सांगताना वॉशिंग्टनकडे बोट दाखवण्याची सोय आपल्याला नाही.

आज या झुडपांचे काय चालले आहे? मिराक्युलिनच्या गोळ्या जपानात, अमेरिकेत विकल्या जातात. कर्करोगाच्या औषधांनी चव बिघडलेल्या रुग्णांवर लहान चाचण्याही झाल्या आहेत. २०२१ मध्ये एका स्पॅनिश कंपनीच्या अर्जावरून युरोपीय संघाने या फळाच्या वाळवलेल्या गराला 'नवीन खाद्य' म्हणून मान्यता दिली. निदान तीनशे वर्षांची नोंद असलेले हे खाद्य युरोपच्या दप्तरी २०२१ मध्ये नवीन ठरले! युरोपच्या त्याच कायद्यात, बाहेरच्या देशात निदान २५ वर्षे नित्य आहारात असलेल्या अन्नासाठी एक सोपी वाटही ठेवली आहे, हे नमूद केले पाहिजे. वाळवलेला गर त्या वाटेने आला नाही. दरम्यान जपानमध्ये २००६-०७ च्या सुमारास हेच प्रथिन लेट्यूस आणि टोमॅटोत उतरवून दाखवण्यात आले. ब्राझीन आता कारखान्यातील टाक्यांत सूक्ष्मजीवांकडून तयार होते आणि २०२४ मध्ये अमेरिकन प्रशासनाने अशा ब्राझीनला हरकत नसल्याचे कळवले. म्हणजे यापुढे फळ नको, झुडूप नको, गॅबॉनही नको. जनुकाची अक्षरमाला संगणकात आहे तेवढी पुरे.

या नव्या अवस्थेला जुने करार पुरे पडत नाहीत. १९९२ च्या जैवविविधता कराराने वनस्पतींवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मानला, २०१० च्या नागोया मसुद्याने लाभातील वाटा ठरवण्याची रीत घालून दिली. ज्या देशात ही पेटंटे निघाली त्या अमेरिकेने मूळ करारावर सही केली, पण त्याला मंजुरी कधीच दिली नाही. २०२४ मध्ये जीनिव्हात झालेल्या नव्या करारानुसार पेटंट मागणाऱ्याने वनस्पती वा पारंपरिक ज्ञान कोठून आले ते उघड करायचे आहे. पण ते केले नाही एवढ्याच कारणाने पेटंट रद्द होणार नाही, अशी तजवीजही त्यातच आहे. त्याच वर्षी कोलंबियातील काली येथे संगणकीय जनुकमाहिती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी एक निधी ठरला: नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा दशांश टक्का त्यांनी त्यात द्यावा. 'द्यावा' या शब्दाकडे लक्ष असू द्यावे. 'दिलाच पाहिजे' असे तेथे कोणी लिहू दिले नाही. देवळाच्या दानपेटीवर जी भाषा असते ती भाषा करारात आली आहे.

भारताचे शासन अशा परिषदांत गरीब राष्ट्रांच्या वतीने बोलते तेव्हा त्याचा अभिमान वाटतो. म्हणूनच घरात काय केले तेही पाहिले पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पतींचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने स्थानिक समाजाला वाटा द्यावा असे ठरले होते, आणि भारतीय कंपन्यांनाही तो द्यावाच लागेल असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता. २०२३ च्या दुरुस्तीने 'ग्रंथबद्ध' पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना या वाट्यातून सूट दिली. परदेशात ज्ञान तोंडी आहे म्हणून वाटा नाही; स्वदेशात ज्ञान ग्रंथात आहे म्हणून वाटा नाही. रानातून मुळ्या खणून आणणारी बाई दोन्हीकडे रिकाम्या हाताने परत जाते. गावोगावच्या लोक-जैवविविधता नोंदवह्या, ज्यांचा ध्यास माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने घेतला होता, त्या हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर आणि महिन्याला दहा लाखांच्या भरपाईचा धाक दाखवल्यावर राज्यांनी धावपळ करून भरल्या. लोकांचे ज्ञान दंडाच्या भीतीने लिहिले गेले, मग ते कसे लिहिले गेले असेल?

उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. वनहक्क कायदा, २००६ याच्या नियमांतील तेरावा नियम उघडून पाहावा. दाव्याचा पुरावा म्हणून जी यादी त्यात दिली आहे तिच्यात, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा म्हणून मान्य केलेला आहे. म्हातारीचे बोलणे हा पुरावा, असे या देशाच्या कायद्याने एकदा म्हटले आहे. अधिकाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष करून कागदच मागितले, हजारो दावे फेटाळले आणि २०१९ मध्ये त्यांतून हकालपट्टीचे संकट उभे राहिले, ही गोष्ट वेगळी. तत्त्व पुस्तकात आहे.

तेच तत्त्व पेटंट कायद्यात आणि जैवविविधता कायद्यात घालावे: ग्रामसभेपुढे नोंदवलेली तोंडी साक्ष ही छापील लेखाइतकीच ग्राह्य धरावी. २०२३ ची ग्रंथबद्धतेची सूट रद्द करावी. आणि कालीच्या निधीविषयी पुन्हा बोलणी होतील तेव्हा आपल्या प्रतिनिधीने 'द्यावा'च्या जागी 'दिलाच पाहिजे' हे शब्द आफ्रिकी राष्ट्रांच्या बरोबरीने मागावेत. यातले पहिले दोन बदल दोन-तीन कलमांचे आहेत. २०२३ ची दुरुस्ती लोकसभेने गदारोळात, फारशी चर्चा न करता संमत केली होती. तेवढा वेळ यांनाही पुरेल.